नेतृत्वगुण

समूहाला समान उद्दिष्टाकडे नेण्यास आणि त्यासाठी इतरांचे स्वेच्छेने सहकार्य मिळविण्यास साहाय्यभूत होणारे, व्यक्तीच्या ठायी असलेले गुण. अधिकारपद व नेतृत्व या दोन भिन्न बाबी होत. अधिकारपद नेमणुकीने, वारशाने वा निवडणुकीने प्राप्त होते. नेतृत्व मात्र अनुयायांनी मान्य केल्यावाचून अस्तित्वात येत नाही. मराठीतील ‘पुढारी’ हा शब्द मुळात पुढे चालणारा एवढ्याच अर्थाचा. व्यवहारात त्याला आलेली उपरोधाची छटा पाहता हा भेद लोकांनी चांगलाच ओळखलेला दिसतो.

नेता हा जन्मतःच असामान्य असतो, ही कल्पना प्राचीन आहे. टॉमस कार्लाइल (१७९५–१८८१) याने ती इतिहासलेखनात आग्रहाने मांडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रज्ञांनी नेत्यांची बुद्धी, आत्मविश्वास, चिकाटी, वक्तृत्व, इतकेच नव्हे तर उंचीही मोजून गुणांच्या याद्या तयार केल्या. या संशोधनाचा राल्फ स्टॉगडिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आढावा घेतला. केवळ काही गुणांच्या संचयामुळे कोणी नेता होत नाही. त्या गुणांचा अनुयायांच्या गरजांशी व परिस्थितीशी मेळ बसावा लागतो, असे त्याने दाखवून दिले. तरीही अशा याद्या आजही व्यवस्थापनाच्या शिबिरांतून वाटल्या जातात.

याहून उद्बोधक ठरला तो कर्ट ल्यूइन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत केलेला व १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यांनी सुमारे दहा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे बनविण्यासारखी कामे दिली आणि त्यांवर हुकूमशाही, लोकशाही व अलिप्त अशा तीन पद्धतींनी वागणारे प्रौढ नेते नेमले. हुकूमशाही नेता समोर असेपर्यंत काम भरपूर होई. तो खोलीबाहेर गेला की ते झपाट्याने मंदावे. लोकशाही पद्धतीच्या गटात नेत्याच्या अनुपस्थितीने फारसा फरक पडत नसे. नेत्याचे गुण त्याच्या पाठीमागे पारखावेत, हे यातून निष्पन्न होते.

हीच कसोटी मराठी इतिहासाला लावून पाहता येते. त्या दृष्टीने विदर्भाच्या पश्चिम भागातील बुलढाणा जिल्हा लक्षणीय आहे. या जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे लखुजी जाधव यांचे ठाणे. पराक्रम, मोठे सैन्य व दरबारी प्रतिष्ठा हे सर्व त्यांच्याजवळ होते. तथापि २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात पुत्र व नातू यांच्यासह त्यांची हत्या झाली. सुलतानाच्या मर्जीवर उभे असलेले हे नेतृत्व एका दिवसात संपुष्टात आले. त्यांची भव्य समाधी सिंदखेड राजा येथे आहे.

लखुजींच्या कन्या जिजाबाई यांचे नेतृत्व निराळ्या जातीचे होते. युद्धे आणि १६३०–३२ चा दुष्काळ यांनी उजाड झालेल्या पुणे जहागिरीत त्यांनी पुत्रासह वास्तव्य केले. वतनाच्या तंट्यांत त्यांनी घातलेले लक्ष व दिलेले निवाडे तत्कालीन कागदपत्रांतून आढळतात. उभय पक्षांचे ऐकून घेणे आणि दिलेला शब्द पाळणे हे गुण रणांगणातील शौर्याइतके डोळ्यांत भरणारे नाहीत. परंतु रयतेचा विश्वास बव्हंशी त्यांवरच बसतो. मार्च १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्यास निघाले, तेव्हा राज्याची धुरा जिजाबाईंकडे होती. आदल्याच वर्षी पुरंदरच्या तहाने तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले होते आणि स्वराज्यात बाराच उरले होते. पुढे महाराज आग्र्यास नजरकैदेत पडले. राजा शत्रूच्या ताब्यात असताना राज्य विस्कळीत होणे हे त्या काळी नवलाचे नव्हते. मोरोपंत पिंगळे आदी अधिकाऱ्यांच्या साहाय्याने जिजाबाईंनी कारभार चालविला आणि महाराज परतले तेव्हा राज्य अभंग होते. याचे श्रेय जिजाबाईंच्या धैर्याला जितके, तितकेच अधिकारी तयार करणाऱ्या महाराजांच्या दूरदृष्टीलाही द्यावयास हवे.

विभूतिमत्त्वावर आधारलेली सत्ता अस्थिर असते व उत्तराधिकाऱ्याचा प्रश्न तिला हटकून भेडसावतो, असे मॅक्स वेबर (१८६४–१९२०) याचे प्रतिपादन आहे. त्यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे विचार ग्रंथरूपाने मागे ठेवणे. चिखलीचे सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ पाटील यांनी १९२७ मध्ये जोतीराव फुले यांचे पहिले मराठी चरित्र प्रसिद्ध करून तो अवलंबिला. दुसरा मार्ग संस्थेचा.

शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचे विश्वस्त शिवशंकर पाटील हे या दुसऱ्या मार्गाचे अलीकडचे उदाहरण होय. त्यांना सर्वजण ‘भाऊ’ म्हणत. त्यांनी काही दशके संस्थानाची धुरा वाहिली. त्यांच्या काळात मंदिराची व्यवस्था नावारूपास आलीच; शिवाय रुग्णसेवा, भक्तनिवास व १९८३ मध्ये स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय असा संस्थानाच्या कार्याचा विस्तार झाला. या व्यवस्थेचा कणा म्हणजे सेवाधारी. खेडोपाडीचे हे स्त्री-पुरुष वेतन न घेता आपापल्या पाळीला येतात आणि झाडलोटीपासून दर्शनाच्या रांगेपर्यंतची कामे करतात. भाऊ संस्थानाचा चहादेखील घेत नसत, असे सांगितले जाते. प्रमुखाच्या निःस्पृहतेबद्दल शंका असती, तर शेतीची कामे सोडून येणाऱ्यांनी अशी शिस्त सांभाळली नसती. अर्थात सेवाधारी श्रद्धेपोटी येतात; कारखान्यात वा कचेरीत हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

४ ऑगस्ट २०२१ रोजी शिवशंकर पाटील यांचे निधन झाले. सेवाधाऱ्यांच्या पाळ्या त्यानंतरही पूर्वीप्रमाणेच लागत आहेत.