रजेच्या अर्जातले रान

संसारी माणसाने रानात फार रमू नये, असे आमच्या बीड जिल्ह्यात मानतात. रानात राहणे हा आमच्याकडे छंद नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि कारखान्याच्या मुलखात कोप्या घालून चार-सहा महिने काढतात. अशा जिल्ह्यात हौसेने जंगल हिंडणाऱ्या माणसाचे कौतुक कोणाला सांगावे? तरीही व्यंकटेश माडगूळकरांविषयी सांगतो; कारण त्यांची माझी ओळख इथेच झाली, तीही पुस्तकातून.

1983 साली अंबाजोगाईला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष माडगूळकर. मी नुकताच बँकेत लागलो होतो. कर्जाच्या अर्जावर बागायत किती, कोरडवाहू किती हे लिहीत होतो आणि रात्री 'बनगरवाडी' वाचत होतो. माणदेशातला तो दुष्काळ मला परका वाटलाच नाही. मेंढरे मरतात, वाडी ओस पडते, माणसे जगायला बाहेर पडतात. आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात हे कळायला पुस्तक कशाला लागते! पण ते इतक्या कमी शब्दांत सांगता येते, हे मात्र पुस्तकानेच शिकवले.

पुढे त्यांच्याविषयी वाचत गेलो, तसतसे मला लेखकापेक्षा त्या नोकरदाराचे नवल वाटू लागले. जन्म 1927 चा, औंध संस्थानातल्या माडगुळ्याचा. शाळा सोडून 1942 च्या चळवळीत गेलेला हा मुलगा 1955 पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहू लागला. म्हणजे हजेरी, फायली, वरचे साहेब. घरी बायको-मुले. आणि हे सगळे सांभाळून रान! तरुणपणी ते शिकारीला जात. मग बंदूक सुटली. पाहणे, टिपणे आणि चित्र काढणे तेवढे उरले. विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम ठोकून त्यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले. वानरांच्या टोळ्यांतली झुंज 'सत्तांतर'मध्ये आली आणि त्या कादंबरीला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नागझिरा आता व्याघ्र प्रकल्पात आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे, की 'बनगरवाडी' लिहिणारा माणूसच तिथे गेला होता. रानात पोटासाठी फिरणारे लोक त्याने आधी पाहिले होते. म्हणून त्याच्या हौसेत शहरी लाडिकपणा नाही.

शिल्लक रजेचे पैसे घेऊन निवृत्त झालेले सहकारी मी पुष्कळ पाहिले. त्यात वावगे काही नाही, मुलींची लग्ने असतात. मी मात्र दरवर्षी थोडी रजा मोडत असे. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य 1994 मध्ये जाहीर झाले, तेव्हा मुलांना घेऊन तिकडे निघालो. सौभाग्यवती म्हणाल्या, "मोर बघायला एवढ्या लांब? माझ्या माहेरी परसात येतात की!" आल्या मात्र, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. मोर दूर होते. धुळीत कसल्याशा पावलांचे ठसे दिसले, तेव्हा आम्ही चौघेही ओणवे होऊन ते पाहत बसलो. शेळ्या चारणारे एक म्हातारबाबा बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "सायेब, काय हरवलंय का?" मी ठसा दाखवला. त्यांनी वाकून पाहिले, "कोल्हं हाय. सकाळचं," म्हणाले आणि ते कुठून आले, कुठे थांबले, कुणीकडे गेले ते काठीने दाखवत निघाले. मुले त्यांच्या मागे.

माडगूळकर ऑगस्ट 2001 मध्ये गेले. धाकटीने बातमी वाचली आणि कपाटातून 'सत्तांतर' काढले. त्या रात्री तिला जेवायला तीनदा हाक मारावी लागली.