चिडचिडीची वही

आमच्या घरात 'चिडचिड' हा शब्द माझ्या एकटीच्या नावावर आहे. यांना राग येतो, मुलगा वैतागतो, सासूबाईंच्या मनाला लागतं. चिडचिड करते ती फक्त मी! तुमच्याही घरी थोड्याफार फरकानं असंच असणार, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता सकाळी सहा ते नऊ या वेळात बाईनं चिडू नये तर काय करावं? आपण समोर उभ्या असतो तोवर दूध ढिम्म हलत नाही, दाराची बेल वाजली की नेमकं उतू जातं. घाईच्या दिवशीच परकराची नाडी नेफ्यात शिरून बसते. लोणच्याच्या बरणीचं झाकण घरातल्या पुरुषमाणसाची वाट बघत घट्ट होतं. आणि कांदा? त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना शेजारची कुणीतरी डोकावते आणि विचारते, "काय झालं गं, घरात काही बोलले का?"

मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. विज्ञानाशी दहावीलाच फारकत घेतली होती. विज्ञान म्हणजे पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि आपल्याला न कळणारी भाषा, असं डोक्यात पक्कं बसलेलं. पण लेक अकरावीला सायन्सला गेली आणि तिच्या पुस्तकांबरोबर घरात नवीनच बोलणी सुरू झाली. एक दिवस उतू गेलेलं दूध पुसता पुसता मी करवादले, "पाणी कसं मुकाट उकळतं, हे दूधच मेलं का उतू जातं?" लेक म्हणाली, "आई, हा प्रश्न चांगलाय." वीस वर्षांच्या संसारात माझ्या चिडचिडीला कुणी 'चांगला प्रश्न' म्हणाल्याचं मला आठवत नाही!

उत्तर साधंच आहे. दूध तापलं की त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश वर येऊन सायीचा पापुद्रा धरतात. खालची वाफ त्या पापुद्र्याखाली कोंडते, फेस होतो आणि तो पापुद्र्याला उचलून बाहेर पडतो. पाण्याच्या वाफेला अडवणारं वर कुणी नसतं. आमची आजी दुधात पळी टाकून ठेवायची, ती वाफेला वाट करून द्यायला. तिनं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. कधीतरी ती चिडली असेल, विचार केला असेल आणि पळी टाकून बघितली असेल, एवढंच.

कांद्याची गोष्ट तर याहून भारी निघाली. आपल्याला रडवणारा वायू कांद्यात आधीपासून नसतोच. विळीनं पेशी चिरल्या गेल्या की त्यांच्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले पदार्थ एकत्र येतात आणि तेव्हा तो तयार होतो. तो डोळ्यांना झोंबतो, डोळे त्याला धुऊन काढायला पाणी सोडतात. म्हणून विळी बोथट असेल तर जास्त रडायचं, कारण बोथट पात्यानं पेशी जास्त चेचल्या जातात. २००२ साली जपानमधल्या एका करी-मसाल्याच्या कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी असं शोधून काढलं की हा वायू बनवणारं एन्झाइम निराळंच आहे, आजवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. या कामाला २०१३ साली 'इग नोबेल' मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते हे बक्षीस. पुढे २०१५ साली त्याच कंपनीनं न रडवणारा कांदासुद्धा तयार केल्याचं जाहीर केलं. मी कौतुकानं सासूबाईंना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "जो रडवत नाही तो पिठल्याबरोबर खायचा कशाला?" त्यांचंही खरंच. झोंबणं गेलं की तिखटपणाही जातो.

मग मला नादच लागला. ज्या ज्या वस्तूनं माझी चिडचिड वाचते, ती कुणाच्या चिडचिडीतून आली ते शोधायचं. आपल्या बांगडीत कायम अडकवलेली सेफ्टी पिन घ्या. हरवलेली नाडी नेफ्यातून ओढून काढायला हिच्याइतकं शहाणं हत्यार दुसरं नाही. अमेरिकेतल्या वॉल्टर हंट नावाच्या माणसानं ती १८४९ साली केली. त्याला कुणाचं तरी पंधरा डॉलरचं देणं होतं आणि त्याच विवंचनेत तो हातातली तार वाकवत बसला होता, असं सांगतात. पिनेचा हक्क त्यानं चारशे डॉलरला विकून टाकला. बिचारा! आज आपल्या एकेकीच्या मंगळसूत्राला, बांगडीला, पर्सला मिळून डझनभर पिना निघतील.

रानातून आलं की साडीच्या काठाला चिकटतात ती कुसळं आठवा. एकेक उपटत बसायचं आणि शिव्या घालायच्या. १९४१ साली स्वित्झर्लंडमधल्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनिअरच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना अशाच काटेरी बिया चिकटल्या. त्यानं त्या उपटून फेकल्या नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीकसा आकडा दिसला. त्यावरून निघालं मुलांच्या बुटाला, सॅकला असतं ते चर्रर्र करून उघडणारं वेल्क्रो. त्या नावात आपला 'क्रोशा' लपलाय, ठाऊक आहे? मखमलीला फ्रेंचमध्ये 'वेलूर' म्हणतात आणि आकड्याला 'क्रोशे', दोन्हींची सुरुवात जोडून वेल्क्रो. दुपारभर क्रोशानं टेबलक्लॉथ विणत बसणारीला 'रिकामटेकडी' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

पण माझी सगळ्यात लाडकी आहे ती जर्मनीतल्या ड्रेसडेनची मेलिटा बेन्ट्झ. घर सांभाळणारी बाई, तुमच्यामाझ्यासारखी. कॉफीत दाताखाली येणाऱ्या चोथ्यानं आणि कडवटपणानं ती वैतागली होती. एक दिवस तिनं पितळेच्या भांड्याला खिळ्यानं भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद काढून त्यात बसवला आणि वरून कॉफी ओतली. चोथा वर, कॉफी खाली! १९०८ साली तिनं त्याचं पेटंट घेतलं, कंपनी काढली, नवरा आणि मुलगे तिच्याच धंद्यात कामाला लागले. मुलानं "माझा टीपकागद कुठाय?" म्हणून घर डोक्यावर घेतलं असेल का, हे मात्र इतिहासात नाही.

सगळ्याजणींचं नशीब असं नसतं. अमेरिकेतल्या मेरी अँडरसननं न्यूयॉर्कच्या बर्फात ट्रामचालकाला काच पुसायची धडपड करताना पाहिलं आणि आतूनच दांडा फिरवून काच पुसायची युक्ती काढली. १९०३ साली पेटंट मिळालं. कंपनीकडे गेली तर उत्तर आलं, याला बाजारात किंमत नाही. आज पावसात एसटीत बसलं की तो वायपर समोर हलताना दिसतो. मेरीला त्याचा पैसा मिळाला नाही.

इथं मला खरं बोलायचंय. कुणाच्या चिडचिडीला प्रश्न म्हणायचं आणि कुणाच्या चिडचिडीला स्वभाव, हे कोण ठरवतं? आपल्याकडे चुलीचा धूर हजारो वर्षं बायकांच्या डोळ्यांत गेला. फुंकणी घेऊन डोळे लाल करून बसलेली आजी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. "चुलीपुढं बसलं की धूर लागणारच" म्हणून सगळे मोकळे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानं आपल्या इथल्या सहकाऱ्यांबरोबर गुजरातेतल्या खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजणारी यंत्रं लावली. चुलीपुढं बसून बाई किती धूर घेते, हे मोजलं. शहरातली हवा ज्या आकड्याला वाईट म्हणतात, त्याच्या कितीतरी पट आकडा आला. तोवर कारखान्यांचा धूर मोजला जात होता, गाड्यांचा मोजला जात होता, भाकरीचा मोजावा असं फारसं कुणाला सुचलंच नव्हतं. आता जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. उज्ज्वला योजना २०१६ला आली, वस्तीत घरोघर सिलिंडर दिसतो. पण आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणी अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच करतात, सिलिंडर पुरवायचा म्हणून.

आणि गंमत बघा, जे मोजायला शास्त्रज्ञांना इतकी वर्षं लागली, ते एका बाईनं १९०५ सालीच स्वप्नात पाहून ठेवलं होतं. रुकैया सखावत हुसेन हे तिचं नाव, बंगालमध्ये 'बेगम रोकेया'. पडद्यात वाढलेली, शाळेत न गेलेली, भावाकडून चोरून इंग्रजी शिकलेली. तिनं 'सुलतानाज ड्रीम' नावाची गोष्ट इंग्रजीत लिहिली आणि ती मद्रासच्या एका महिलांच्या मासिकात छापून आली. गोष्टीतला देश बायका चालवतात, पुरुष घरात पडद्यात राहतात. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या यांनी पेपर जरा वर धरला!

पण मला ती उलटापालट फार महत्त्वाची वाटली नाही. मला भावलं ते तिथलं स्वयंपाकघर. कोळसा नाही, धूर नाही, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. बायकांच्या विद्यापीठात एका फुग्याला नळ्या जोडून ढगांतलं पाणी हवं तेव्हा उतरवून घेतात. आणि त्या देशात डास चावत नाहीत! धूर, पाणी आणि डास. राजवाडे नाहीत, दागिने नाहीत. पंचवीस वर्षांची बाई अख्खा नवा देश कल्पनेनं उभा करते आणि त्यात पहिल्यांदा आपल्या रोजच्या कटकटी निस्तरते. बाईचंच डोकं ते. पुढं १०४ वर्षांनी, २००९ साली, शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ मोठ्या सौर तबकड्या बसवल्या, त्यांच्या वाफेवर भक्तांचा स्वयंपाक शिजवायला. मला तिथं रोकेयाची आठवण येते.

हे सगळं मी गटाच्या बैठकीत सांगितलं. म्हटलं, तुमच्या कटकटी सांगा, आणि त्यावर तुम्ही काय केलंत तेही सांगा. आधी सगळ्या हसल्या. मग एक ताई बोलायला लागली. चार घरची धुणीभांडी करते. आमच्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी, आणि तेही रात्री एकला येईल की पहाटे चारला, याचा भरवसा नाही. झोप लागली की पाणी गेलं. तिनं काय केलं, तर नळ उघडा ठेवून खाली प्लास्टिकचं घमेलं उपडं घातलं. आवाज येईना. मग स्टीलचं ताट, ते थोडं वाजलं. शेवटी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा ठेवला. पाण्याची धार पडली की ढोलकीसारखा तडतडतो, सगळी चाळ उठते. एक वस्तू बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं. याला प्रयोग नाही तर काय म्हणतात?

तिची मुलगी सातवीत आहे. तिनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हाच 'पाण्याचा गजर' मांडायचं ठरवलं. डबा पोकळ का लागतो, पत्रा पातळ का लागतो, सगळं वहीत लिहून नेलं. सर म्हणाले, "हे घरगुती झालं. काहीतरी विज्ञानाचं आण." मग तिनंही पुठ्ठ्याचा ज्वालामुखी केला, खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून फेस काढणारा. असे ज्वालामुखी त्या दिवशी आणखी चार होते. आमच्या तालुक्यात ज्वालामुखी कुणी पाहिलाय? आपला काळा पाषाण ज्वालामुखीतूनच आला हे मान्य, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. नळाला पाणी आलं नाही ते परवा.

मी सरांना भेटून आले. माणूस वाईट नाही. "ताई, प्रदर्शनाच्या पत्रकात विषय ठरवून येतात, त्यात बसवावं लागतं," म्हणाले. मी म्हटलं, पाणी हा विषय कुठल्याही पत्रकात बसेल. पुढच्या वर्षी बघू, एवढ्यावर आलेत. मी पुढच्या वर्षी बघायला जाणार आहे, ते त्यांनाही कळलंय.

तोवर गटाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांपासून आम्ही चिडचिड लिहायला सुरुवात केली आहे. हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं त्यासाठी. आतापर्यंत सतरा नोंदी झाल्या. गोधडी पिळायला दोन माणसं लागतात, घरात एकच असते. कुकरची रिंग कधी बदलायची ते शिटी पडायची थांबल्यावर कळतं. रेशनच्या दुकानापुढं उन्हात उभं राहायचं तर डोक्यावर पदर आणि हातात पिशवी, मग पोर कुठं धरायचं. डाव्या हातानं काम करणारीला विळी उलटी पडते. ही शेवटची तर माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. गावातल्या लोहाराला विचारलंय, तो पातं दुसऱ्या बाजूनं बसवून बघतो म्हणालाय.

आणि ती सातवीतली पोरगी ज्वालामुखी सोडून परत नळाकडं वळलीय. डब्याच्या आवाजानं शेजारी उठतात, आजारी आजी उठते, ही तिची नवी चिडचिड. आता नळाखाली बादली टांगायची, ती भरून जड झाली की दोरी ओढली जाणार आणि दोरीचं दुसरं टोक झोपलेल्या आईच्या पायाच्या अंगठ्याला, म्हणजे फक्त आईच उठेल. चित्र काढून झालंय, दोरी आणलीय. आईनं अंगठा द्यायचं अजून कबूल केलेलं नाही.