एटीव्हीला लिफ्ट किट: बसवायचं कसं आणि ‘नाही’ कधी म्हणायचं

व्हिडिओत आपण एटीव्हीला दोन इंची लिफ्ट किट बसवताना पाहिलं. तिथे हात दिसतात, हिशोब दिसत नाही. तो इथे मांडतो. अलिबाग, काशीद, लोणावळा अशा भागात तुमचं गॅरेज असेल आणि रिसॉर्टवाल्यांच्या एटीव्ही तुमच्याकडे येत असतील, तर हे नीट वाचा.

किट नेमकं काय करतं?

साधं किट म्हणजे लोखंडी ब्रॅकेट आणि नट-बोल्ट. ब्रॅकेटमुळे शॉकअप जिथे बसतो ती जागा बदलते, ए-आर्म खाली ढकलला जातो आणि चासी वर येते. शॉकअप तोच राहतो. म्हणून ‘गाडी मऊ चालेल’ असं गिऱ्हाइकाला कधीच सांगू नका.

आणखी एक गोष्ट. मागे सरळ अ‍ॅक्सल असेल, तर अ‍ॅक्सलखालची उंची किटने वाढत नाही, फक्त मोठ्या टायरने वाढते. तीही निम्मीच: २५ इंची टायर काढून २७ इंची टाकला, तर गाडी १ इंच उचलते. शिवाय गिअरिंग साधारण ८ टक्के जड होतं आणि बेल्टवर ताण येतो.

काम सुरू करण्याआधी

१. चारही टायरची हवा सारखी करा. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून चासीची उंची मोजून जॉबकार्डवर लिहा.

२. बुश, बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंटचे रबरी बूट तपासा. बूट आधीच तडकलेला असेल तर फोटो काढून गिऱ्हाइकाला तेव्हाच पाठवा. नंतर सांगितलं तर तो तुमच्या माथी येतो.

३. स्प्रिंगचा प्रीलोड बघा. पुष्कळदा गाडी बसलेली असते ती स्प्रिंग थकल्यामुळे. रिंग फिरवून काम होत असेल, तर किटची गरजच नाही.

बसवताना

गाडी चासीखाली स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, म्हणजे नाही. एका वेळी एकच कोपरा घ्या. ए-आर्मला खालून आधार द्या, म्हणजे शॉकअपचा बोल्ट ताण न येता निघेल. ब्रॅकेट लावा, सगळे बोल्ट आधी हाताने बसवा. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, किटच्या कागदावरच्या आकड्याप्रमाणे. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करून आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

आता चाकं लोंबकळत असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ब्रेकचा पाइप ताणला जातोय का? चाक हाताने फिरवलं की अ‍ॅक्सल अडकतोय का? उंची वाढली की सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो. त्याने बूट घासतो, मग फाटतो, ग्रीस बाहेर जातं, वाळू आणि खारं पाणी आत जातं आणि जॉइंटच बदलायची वेळ येते.

शेवटी अलाइनमेंट. ए-आर्म खाली गेला की चाकांची दिशा बदलते. दोन्ही पुढच्या टायरमधलं अंतर पुढून आणि मागून, अ‍ॅक्सलच्या उंचीवर मोजा. टाय रॉड दोन्हीकडे सारखे फिरवून फरक मॅन्युअलप्रमाणे करा. पहिल्या राइडनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

कोटेशनमध्ये इथेच पैसे जातात

समजा तुमचा दर तासाला ५०० रुपये आहे. किट बसवायला ४ तास, अलाइनमेंट १ तास, नंतरची तपासणी अर्धा तास. एकूण २,७५० रुपये. बरेच जण फक्त ४ तासांचे २,००० सांगतात. मग एकतर अलाइनमेंट टाळतात किंवा फुकट करतात. सहा गाड्यांचं काम असेल तर ४,५०० रुपये गेले.

‘नाही’ कधी म्हणायचं?

गाडी भाड्याने फिरणार असेल तेव्हा. बघा, समजा मधल्या रेषेपासून चाक ४८ सेंमी लांब आणि चालकासकट वजनाचा केंद्रबिंदू ६० सेंमी उंच आहे. उभी गाडी साधारण ३९ अंशांच्या उतारावर कलंडेल. तोच केंद्रबिंदू ५ सेंमी वर नेला की आकडा ३६ वर येतो, आणि वर मोठे टायर टाकले की ३५ वर. हे उभ्या गाडीचं झालं. वळणावर, वेगात, याहून बरंच आधी. सराईत चालक अंग झुकवून सावरतो. बीचवर पहिल्यांदाच बसलेला पर्यटक सावरत नाही.

अशा मालकाला स्पष्ट सांगा: “दादा, उंची नको. शॉकअप नीट करून देतो आणि खाली जाड पत्रा बसवतो, दगड लागणार नाही.” यातही लेबर मिळतं आणि रात्री झोपही लागते. शेतावर किंवा ट्रेलवर स्वतः चालवणारा जाणकार मालक असेल, तर दोन इंच जरूर करा. पण ‘उताराला जपून’ हे बिलावर लिहून सही घ्या.

आणि कुणी हेच काम रस्त्यावरच्या नोंदणी झालेल्या जीपला करायला सांगितलं, तर आधी मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ बघा. तिथे बदलांवर बंधनं आहेत.

जॉबकार्डवर आजपासून तीन ओळी वाढवा: आधीची उंची, नंतरची उंची, गाडी कोण चालवणार. तिसऱ्या ओळीचं उत्तर मिळाल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. भेटूया पुढच्या व्हिडिओत!