डोंगराच्या पाठीवरून

जालन्याच्या माणसानं डोंगर चढायचा नाद असल्याचं सांगितलं की पुण्या-नाशिकची मंडळी गालात हसतात. सळईचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबीच्या बागा असलेल्या जिल्ह्यात डोंगर कुठला? डोंगर आहे, फक्त तो आपल्याकडे पाठ करून बसलाय.

भोकरदन-जाफराबादच्या अंगाला अजिंठ्याची रांग येते. दक्षिणेकडून जमीन इतक्या सावकाश वर जाते की एसटीतल्या प्रवाशाला चढ जाणवतही नाही. पलीकडे खानदेशाच्या बाजूला मात्र कडा एकदम तुटतो. पाण्याची वाटणीही त्याच धारेवर होते. इकडचा पाऊस केळणा-पूर्णेतून गोदावरीला मिळतो, तिकडचा वाघूरमधून तापीला.

म्हणून आमची गिरिभ्रमणाची रीत उलटी. राजूर, भोकरदन, सिल्लोड, उंडणगाव करत हळदा घाटाच्या तोंडाशी पोचलं की वेताळवाडीचा किल्ला जवळजवळ नजरेच्या रेषेत उभा असतो. सोयगावकडून येणाऱ्याला त्याच किल्ल्यासाठी मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. कन्नड तालुक्यातल्या अंतूरलाही नागापूरच्या बाजूनं पठारावरून चालत जाता येतं. चढाईची फुशारकी मारणाऱ्यांना हे फसवं वाटेल. पण कड्याच्या टोकाशी उभं राहून खालचा खानदेश एका दमात दिसतो, तो आनंद घाम गाळून वर आलेल्याच्या आनंदापेक्षा कमी कसा? जंजाळ्याच्या किल्ल्याजवळ घटोत्कच लेणी आहेत. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा पाचव्या शतकातला शिलालेख तिथे आहे. अजिंठ्याचं सोळावं लेणंही त्याचंच दान. ही आडबाजूची लेणी मला अजिंठ्याइतकीच प्रिय आहेत. गर्दी नाही, हे त्याचं अर्धं कारण.

जिल्ह्याच्या हद्दीतलं चढणं बहुतेक देवाच्या निमित्तानं होतं. अंबडची मत्स्योदरी टेकडीवर, राजूरचा गणपतीही टेकडीवर. अंगारकीला जालन्याहून रात्रभर पायी राजूर गाठणारे लोक स्वतःला ट्रेकर म्हणवत नाहीत, पण त्यांच्या पोटऱ्यांना विचारा. अंबड तालुक्यातला रोहिलागड नावापुरताच गड उरलाय. गाव पायथ्याशी, अवशेष थोडे. तरी एका सकाळपुरता छान.

चालण्याइतकंच जमीन वाचणंही महत्त्वाचं, आणि त्याचा धडा भोकरदनजवळच्या असईला मिळतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्ली केळणेच्या काठी आला. वाटाड्यांनी सांगितलं, इथं उतार नाही. त्याला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इतकी जवळ वसलेली गावं नदी ओलांडल्याशिवाय राहतील कशी, असं ताडून त्यानं तिथेच उतार शोधला आणि लढाई जिंकली. आपल्याच नदीची खूण परक्याला आधी कळावी, हे मला अजून सलतं.

उलट दाखला १६७९ च्या नोव्हेंबरातला. शिवाजी महाराज जालना लुटून परतताना त्यांना संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं. महाराजांचे सरदार सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. तिथे महाराज विसावले म्हणून तो विश्रामगड झाला. जालन्याहून सह्याद्रीत जाणाऱ्यानं पहिला गड हाच धरावा, असा माझा हट्ट असतो. एवढा लांबचा बेत नसेल त्यानं मनमाडच्या गाडीत बसावं. याच लोहमार्गावर दौलताबाद आहे आणि पुढे अंकाई-टंकाईची जोडगोळी, अगदी अंकाई स्थानकाच्या उशाशी. टंकाईच्या अंगावर जैन लेणी आहेत.

आता व्यवहाराचं. दिवाळीच्या सुमारास रांगेवरचं गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत, पँटीच्या शिवणीत घुसतात. गुळगुळीत कापडाची पँट घालावी. मुरमाच्या घसाऱ्यावर उतरताना घाई नको. लेण्यांत, बुरुजांखाली आग्या मोहोळ लटकलेलं असतं, तेव्हा अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा तर मुळीच नको. टाक्यातल्या पाण्याच्या भरवशावर निघू नये, घरूनच भरून घ्यावं. फाल्गुनानंतर तर कातळ असा तापतो की पहाटे निघून दहाच्या आत खाली यावं. वाट चुकली तर मोबाइल नंतर. आधी शेळ्या राखणाऱ्याला हाक मारावी. तो पाण्याची जागा सांगतो, मोहोळाचीही सांगतो, आणि बहुधा वरपर्यंत सोबत येतो.