हिजाजची रेल्वे

विद्यार्थी मित्रांनो, देवगाव फाट्यावर थोडा वेळ उभे राहून पाहा. जालन्याहून जिंतूरकडे जाणारी एस.टी. येथे थांबते. काही प्रवासी पुढे जातात, तर काही उतरून सेलूच्या गाडीची वाट पाहतात. सेलूला गेले की रेल्वे मिळते. फाटा म्हणजे मुख्य रस्त्यातून निघालेला दुसरा रस्ता. तो दिसायला लहान असतो. पण त्याच्यामुळे कितीतरी गावे बाजाराशी, दवाखान्याशी आणि रेल्वेशी जोडली जातात. अशाच एका फाट्यावरून दोन साम्राज्यांत युद्धाची वेळ आली होती, असे सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल का? तो फाटा रस्त्याचा नव्हता, रेल्वेचा होता. त्याची हकिकत आज आपण वाचू.

सेलू आणि परभणीवरून जाणारा मनमाड–हैदराबाद लोहमार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास सुरू झाला. तो मीटरगेज होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांतील अंतर एक मीटर होते. १९९० नंतरच्या काही वर्षांत तो ब्रॉडगेज झाला. ज्या काळात आपल्याकडे हे रूळ पडत होते, त्याच काळात अरबस्तानाच्या वाळवंटातही एक लोहमार्ग बांधला जात होता. त्याच्या रुळांतील अंतर १.०५ मीटर, म्हणजे आपल्या जुन्या मार्गापेक्षा फक्त पाच सेंटिमीटर जास्त होते. दमास्कसपासून मदीनेपर्यंत जाणारा हा मार्ग म्हणजे हिजाज रेल्वे.

त्या वेळी सीरियापासून येमेनपर्यंतचा मोठा प्रदेश तुर्कस्तानच्या उस्मानी साम्राज्यात होता. हजला जाणारे लोक दमास्कसमध्ये जमत आणि तेथून उंटांच्या काफिल्याने निघत. मदीनेला पोहोचायला सुमारे चाळीस दिवस लागत. वाटेत ऊन, तहान, रोगराई आणि लुटारू यांची भीती असे. रेल्वे झाली तर हाच प्रवास तीन-चार दिवसांत होणार होता. १९०० मध्ये सुलतान दुसरे अब्दुल हमीद यांनी ही रेल्वे बांधण्याचे जाहीर केले. यात्रेकरूंची सोय हा तिचा पहिला हेतू होता.

पण रेल्वेच्या डब्यात फक्त यात्रेकरू बसत नाहीत, सैनिकही बसतात. हा तिचा दुसरा हेतू होता. सुलतानाला आपले सैन्य हिजाज आणि येमेनला पाठवायचे असेल, तर समुद्रमार्गाने सुएझ कालव्यातून जावे लागे. हा कालवा १८६९ साली खुला झाला होता. परंतु १८८२ मध्ये इंग्रजांनी इजिप्तवर ताबा मिळवला आणि कालव्यावर त्यांचा पहारा बसला. इंग्रजांच्या दृष्टीने सुएझ ही हिंदुस्थानकडे येणारी वाट होती. ती ते कोणाच्याही हाती जाऊ देणार नव्हते. म्हणून सुलतानाला कालव्यावर अवलंबून नसलेला, जमिनीवरचा मार्ग हवा होता.

एवढ्या मोठ्या कामासाठी पैसा कोठून आणायचा? उस्मानी साम्राज्य आधीच युरोपच्या कर्जात बुडालेले होते. त्यामुळे या रेल्वेसाठी परदेशी कर्ज काढायचे नाही, असे ठरले. जगभरच्या मुसलमानांना चंदा देण्याचे आवाहन करण्यात आले. सरकारी नोकरांच्या पगारातून कपात झाली. कुर्बानीच्या जनावरांची कातडी विकून आलेला पैसाही या कामी लावला गेला. हिंदुस्थानातील मुसलमानांनीही मदत केली. तेव्हा आपला परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादेत मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी या रेल्वेसाठी चंदा गोळा केला. आपण ज्या गाडीत कदाचित कधीच बसणार नाही, तिच्यासाठी दूर देशाच्या लोकांनी पैसे दिले, ही साधी गोष्ट नव्हे.

आता बांधकामाकडे वळू. दमास्कस ते मदीना हे अंतर सुमारे १३०० किलोमीटर आहे. जर्मन अभियंता माइसनर हे कामाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली तुर्की अभियंतेही काम करत होते. मजूर म्हणून हजारो तुर्की सैनिक राबत होते. सर्वांत मोठी अडचण पाण्याची होती. माणसाला पाणी लागते, तसे वाफेच्या इंजिनालाही लागते. पाणी तापवून वाफ होते आणि त्या वाफेच्या जोरावर चाके फिरतात. म्हणून जागोजागी विहिरी खोदाव्या लागल्या आणि टाक्या बांधाव्या लागल्या. जेथे विहिरीला पाणी लागले नाही, तेथे रेल्वेच्याच टाकीच्या डब्यांतून पाणी न्यावे लागले. कोरड्या उन्हात लाकडी स्लीपर तडकतात, म्हणून वाळवंटी भागात लोखंडी स्लीपर वापरले गेले.

वाळवंटात पाणी मिळत नाही, पण पूर मात्र येतात! वर्षभर कोरड्या असलेल्या ओढ्यांना एखाद्या पावसात एकदम लोंढा येतो आणि रुळांखालचा भराव वाहून जातो. त्यासाठी शेकडो दगडी पूल आणि मोऱ्या बांधल्या गेल्या. वाऱ्याने वाळू येऊन रूळ झाकले जात, ती वरचेवर काढावी लागे. कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा कामगारांचे फार हाल झाले.

मुख्य मार्ग पुढे सरकत होता, तेव्हा दोन फाट्यांचा विचार झाला. पहिला फाटा समुद्रकाठच्या हैफा बंदराकडे जाणारा होता. तोपर्यंत सामान बैरूतहून फ्रेंच कंपनीच्या रेल्वेने आणावे लागे आणि तिचे भाडे फार होते. १९०५ मध्ये हैफाचा फाटा पूर्ण झाला आणि हिजाज रेल्वेला स्वतःचे बंदर मिळाले.

दुसरा फाटा तांबड्या समुद्राच्या टोकाशी असलेल्या अकाबाकडे न्यायचा होता. तो झाला असता तर तुर्की सैन्य सुएझ कालवा टाळून थेट तांबड्या समुद्रावर पोहोचले असते. इंग्रजांना हे चालणार नव्हते. १९०६ मध्ये अकाबाजवळच्या ताबा या ठिकाणी तुर्की सैनिकांनी ठाणे दिले. इंग्रजांनी युद्धनौका पाठवल्या आणि माघार घेण्याची मुदत दिली. युद्ध होणार असे वाटू लागले. अखेर सुलतानाने सैनिक मागे घेतले. अकाबाचा फाटा झालाच नाही.

१ सप्टेंबर १९०८ रोजी मदीनेच्या मार्गाचे उद्घाटन झाले. पुढे मक्केपर्यंत रूळ न्यायचे होते, पण ते जमले नाही. याचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. वाळवंटातील बदू टोळ्या काफिल्यांना उंट भाड्याने देत. काफिल्याला सुरक्षित जाऊ देण्याबद्दल त्यांना पैसेही मिळत. रेल्वे आली की त्यांची रोजी जाणार होती. म्हणून त्यांनी मदीनेजवळ रेल्वेवर हल्ले केले. मक्केच्या शरीफांनाही रेल्वेबरोबर सुलतानाची सत्ता वाढेल अशी भीती वाटत होती. त्यातच १९०९ मध्ये सुलतानाला गादीवरून दूर करण्यात आले.

पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढू लागले. १९१६ मध्ये मक्केचे शरीफ हुसेन यांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला. इंग्रजांनी त्यांना बंदुका, पैसा आणि लॉरेन्ससारखे अधिकारी दिले. लोकांच्या चंद्यातून घातलेले रूळ आणि पूल सुरुंगांनी उडवले जाऊ लागले. तुर्की सैनिक ते दुरुस्त करत आणि पुन्हा सुरुंग फुटत. मदीनेतील तुर्की सेनापती फख्री पाशा यांनी जानेवारी १९१९ मध्ये शहर सोडले. युद्धानंतर साम्राज्य मोडले आणि रेल्वेचे तुकडे वेगवेगळ्या देशांत विभागले गेले. दक्षिणेचा भाग बंद पडला. मदीनेचे जुने स्थानक आता संग्रहालय झाले आहे. २०१८ पासून मक्का आणि मदीना या शहरांमध्ये नवी वेगवान रेल्वे धावते; पण ती जुन्या मार्गावरची नव्हे.

मित्रांनो, हिजाजची रेल्वे वाळूने हरवली नाही. पाण्याची, पुराची आणि उन्हाची अडचण माणसांनी मेहनतीने दूर केली. माणसांमधील तंटा मात्र त्यांना मिटवता आला नाही. चंदा देणाऱ्यांना हाजींची सोय हवी होती, सुलतानाला सैन्याची वाट हवी होती, इंग्रजांना कालवा राखायचा होता आणि उंटवाल्याला आपली भाकरी हवी होती. यांपैकी उंटवाल्याला तर कोणी विचारलेच नाही. तेव्हा तुमच्या गावाजवळ नवा रस्ता किंवा नवा लोहमार्ग होऊ लागला, तर तो किती लांब आहे एवढेच विचारू नका. तो कोणासाठी आहे, त्याचा पैसा कोणी दिला आणि त्याने कोणाची रोजी जाणार आहे, हेही विचारा.

शब्दार्थ
लोहमार्ग – रेल्वेचा मार्ग
रोगराई – रोगांची साथ
मोरी – रस्त्याखालून किंवा रुळांखालून पाणी जाण्याची वाट
भराव – माती टाकून उंच केलेली जागा
लोंढा – पाण्याचा जोराचा प्रवाह
तंटा – भांडण

स्वाध्याय
१. हिजाज रेल्वे बांधण्याचे दोन हेतू कोणते होते?
२. वाळवंटात रेल्वे बांधताना कोणत्या अडचणी आल्या? त्या कशा दूर केल्या?
३. अकाबाच्या फाट्याला इंग्रजांनी विरोध का केला?
४. बदू टोळ्यांची बाजू तुम्हांला बरोबर वाटते का? पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. तुमच्या गावाचा फाटा किंवा जवळचे रेल्वे स्थानक यांमुळे गावाला काय मिळाले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.