कस लावताना

संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर फेरी मारायची आणि दिवेलागणीला घरी परतायचे, हा निवृत्तीनंतरचा माझा नेम. मध्यंतरी एकदा अमेरिकेतल्या भाच्याच्या फोनने तो मोडला. "मामा, तुम्ही बँकेत जन्मभर तारण तपासलंत. मला एक जुनी बंदूक घ्यायची आहे. काय भाव द्यावा?" मी चाटच पडलो. पाटल्यांपासून मच्छीमार नौकांपर्यंत सगळे तारण पाहिले होते, बंदूक तेवढी राहिली होती!

भाच्याच्या शेजारी पंचाहत्तरीच्या एक बाई राहतात. घर आवरताना त्यांना माळ्यावर वडिलांची रायफल सापडली. वडील अमेरिकन सैनिक. 1945 साली युरोपातून परतताना त्यांनी ती आणलेली. जर्मन बनावटीची, नाव गेव्हेर 43. चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते. दहा गोळ्यांच्या या रायफली युद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे चार लाख बनल्या. त्याच जर्मन फौजेशी आपले कोकणातले जवानही इटलीत लढले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे चालून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आपल्याकडे अशी रायफल सामान्य माणसाला बाळगता येत नाही, त्यामुळे तिला बाजारही नाही. तिकडे मात्र हौशी संग्राहक काही हजार डॉलर मोजतात. भाव कसा ठरतो, हे भाच्याने सांगितले तेव्हा मला आमच्या बँकेचा सोनारच आठवला. आधी आकडे पाहायचे. सुट्या भागांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. एखादा भाग दुसऱ्या रायफलीचा निघाला की भाव उतरला. मग कारखान्याची खूण. 'एसी' अक्षरे म्हणजे वॉल्थर. मग मूळ रूप. युद्धाच्या घाईत बनलेल्या या रायफलींवर यंत्राचे ओरखडे तसेच राहिलेले असतात, आणि ते तसेच हवेत. आपण चिंच लावून तांब्याचे घंगाळ लखलखीत करतो. तसे इथे केले तर गिऱ्हाईक पाठ फिरवते.

"हिचा लाकडी दस्ता कापून पुन्हा जोडलाय," भाचा म्हणाला. पिशवीत मावावी म्हणून सैनिक दस्ता कापत. त्यानेही भाव उतरतो.

"मग स्वस्तात मिळेल की!"

तो क्षणभर थांबला. "मामा, बाईंच्या खणात एक कागद आहे. रायफल घरी न्यायला अधिकाऱ्याने सही करून दिलेली परवानगी. असा कागद सोबत असला की किंमत चांगलीच वाढते. बाईंना ते माहीत नाही. सांगू का?"

मला एक जुना प्रसंग आठवला. एक म्हातारी बोरमाळ गहाण ठेवायला आली होती. मण्यांत लाखच जास्त, असे समजून तिने मागितले अगदी थोडे. सोनाराने कस लावला आणि सर्वांसमक्ष सांगितले, "आजी, सोनं तुम्ही समजता त्याहून जास्त आहे." तिने मागितले त्यापेक्षा कर्ज जास्त मिळाले. कस लावणाऱ्याने दोन्ही बाजूंना एकच आकडा सांगायचा असतो. मी भाच्याला एवढेच म्हणालो, "सांग."

आठवड्याने पुन्हा फोन आला. त्याने सगळे सांगितले. बाईंनी कागद चाळला, थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बंदूक तू ने. कागदावर माझ्या वडिलांचं नाव आहे, तो मी ठेवते." भाच्याने कागदाविना जी किंमत होत होती, ती पुरेपूर मोजली.

आमच्या कोकणातही कितीतरी घरांच्या ट्रंकेत पलटणीचा असा एखादा पिवळा पडलेला कागद असेल. घर आवरताना तो रद्दीत जाऊ देऊ नका.