मोबाईलची शिकवणी आणि घरची बोली



गेल्या महिन्यात कामानिमित्त नवी मुंबईला जाणे झाले. वाशीच्या बाजारात आपल्या सातारा-सांगलीकडची किती तरी माणसे माथाडी म्हणून राबतात. कोपरखैरण्याला आम्ही एका सभासदांच्या अशाच माथाडी मुलाकडे मुक्काम केला. त्यांची सात वर्षांची नात इंग्रजी शाळेत जाते. मराठी फडाफडा बोलते, पण वाचायला दिले की अडते. संध्याकाळी पाहतो तो काय, पोरगी मोबाईलपुढे बसून मराठी गोष्ट मोठ्याने वाचतेय! शब्द अडला की फोनच तो म्हणून दाखवतो. गूगलचे हे साधन २०१९ साली भारतात 'बोलो' नावाने निघाले. पुढे त्याचे 'रीड अलाँग' झाले. रात्री पोरीने गावाकडच्या आजीला फोनवर तीच गोष्ट वाचून दाखवली.

आम्हाला कौतुक वाटले, पण विचारही आला. या घरात मराठी बोलतात, म्हणून फोनमधले शब्द पोरीला ओळखीचे. ज्या पोराच्या घरची बोलीच निराळी, त्याने काय करावे?

गेल्या हंगामात कोप्यांवर गेलो असता ऊसतोड टोळीतल्या एका पोराला आम्ही नाव, इयत्ता विचारली. तो गप्पच. पोरगा मठ्ठ दिसतोय, असे आम्ही मनाशी ठरवूनही टाकले. तेवढ्यात मुकादम म्हणाला, "साहेब, त्याच्या घरी गोरमाटी बोलतात. तुमचं बोलणं त्याला उमगंना." चूक आमची होती.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी रुजू झाले. मुलांची घरची भाषा कानडी, पुस्तके मात्र कानडीत नव्हती. गुरुजी आधी स्वतः कानडी शिकले, पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. त्या चौकोनी खुणेवर मोबाईल धरला की कविता ऐकू येते, धडा पाहता येतो. २०१७ साली राज्य शासनाने पहिली ते बारावीच्या पुस्तकांत असे कोड देण्याचे जाहीर केले. २०२० साली गुरुजींना दहा लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली.

गुरुजींच्या कामाचा क्रम ध्यानात घ्यावा. आधी मुलाची भाषा, मग यंत्र. ठिबकच्या नळ्या अंथरण्याआधी आपण जमीन पाहतोच की!

तेव्हा येत्या हंगामात आम्ही असे योजले आहे. टोळीतल्या आयाबायांकडून गोरमाटीतल्या गोष्टी मोबाईलवर भरून घ्यायच्या. पोरांना त्या आधी ऐकवायच्या, मग त्याच मराठीत वाचायला द्यायच्या. आमचे चिटबॉय संध्याकाळी तासभर कोप्यांवर बसतील. ज्यांच्या घरी चालू स्थितीतला जुना मोबाईल पडून असेल, त्यांनी तो गट ऑफिसात आणून द्यावा. आपला ऊस तोडणाऱ्यांची पोरे अक्षराला पारखी राहू नयेत, एवढीच विनंती.